माथ्यावरची अकरा मिनिटं

चार वाजता बसायचं ठरलं होतं आणि पावणेचारलाच सगळे कचेरीत हजर होते. या घरात कोणी वेळेआधी आलं की समजावं, भांडण घरूनच तयार करून आणलंय.

कचेरी म्हणजे गाड्यांच्या आवारावरची, लोखंडी जिना चढून जायची एक लांबट खोली. मधोमध वडिलांचं, आप्पांचं टेबल. आप्पांनी पहिला ट्रक मोडीत काढला तेव्हा त्याच्या हौद्याच्या फळ्या काढून घेतल्या आणि सुताराकडून हे टेबल करून घेतलं. खिळ्यांची भोकं अजून तशीच होती, आणि तीन भावंडांपैकी प्रत्येकाने लहानपणी त्यात शिसपेन्सिलीची टोकं मोडून ठेवली होती. आप्पांच्या खुर्चीत आता धाकटा बसत असे. ताई औषधांच्या दुकानाला दोन तास कुलूप लावून आली होती आणि तिच्या चेहऱ्यावर त्या दोन तासांचा हिशोब स्पष्ट दिसत होता. धाकट्याची मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती. अठ्ठावीस वर्षांची, इंजिनियर, कुठलीही अवजड गाडी चालवणारी पोरगी, पण घरात तिला अजून पिल्लूच म्हणत.

दादा खिडकीपाशी उभा होता. सगळ्यांत थोरला, एकसष्ट पूर्ण, आणि भावंडांत अजूनही स्टिअरिंग धरणारा तो एकटाच. खाली ती गाडी उभी होती. महिन्याभराच्या भाड्याने आणलेली. पुढे एक इंजिन, त्याच्यामागे ट्रेलर, मग जोडाला डॉली म्हणतात तो बुटक्या चाकांचा गाडा आणि त्याच्यामागे पुन्हा तेवढाच ट्रेलर. फाटकापासून धुवायच्या ओट्यापर्यंत सगळी जागा तिनेच खाल्ली होती. एक ड्रायव्हर, दोन गाड्यांचा माल. दादाच्या मागची गाडी चालवणारा मास्तर हातात छोटी हातोडी घेऊन तिच्याभोवती फिरत होता आणि बिजागरीला तेल आहे का ते बघत होता. ही गाडी आपल्या पोटावर येणार हे माहीत असूनही तिला तेल घालणारा माणूस दादाने दुसरा पाहिला नव्हता.

"बसतोस का?" धाकटा म्हणाला.

"उभा बरा आहे."

"संध्याकाळी सहापर्यंत फ्रिजच्या कारखान्याला लेखी कारण द्यायचंय. म्हणून घाई. तीन खेपा साडेअकराच्या आत त्यांच्या गोदामाच्या फाटकात पोचवायच्या होत्या. पहिल्या दोन पोचल्या. परवाची अकरा चौतीसला पोचली. चार मिनिटं! फाटक बंद, माल दुसऱ्या दिवशी उतरवला." धाकट्याने टेबलावर बोट आपटलं. "आता ते विचारतायत, दोष गाडीचा की माणसाचा. गाडीचा असेल तर ते ही गाडी नको म्हणतील. माणसाचा असेल तर एक चूक माफ करतील आणि वर्षाचं काम देतील. एवढंच आहे."

"गाडीचाच दोष," ताई म्हणाली. तिने पर्स अजून मांडीवरून खाली ठेवली नव्हती. "दोन डबे ओढायचे म्हणजे चढाला दम लागणारच. त्यात लिहायचं काय?"

"आत्या, पहिल्या दोन खेपांना नाही लागला," पिल्लू म्हणाली. तिने लॅपटॉप फिरवला. पडद्यावर रस्त्याची निळी रेघ होती आणि तिच्यावर चढाच्या माथ्याशी एक लाल ठिपका. "चढ तर परवाही ठरल्या वेळात चढलीय. पण वर गेल्यावर थांबली. अकरा मिनिटं. पाण्याच्या टाकीजवळच्या मोकळ्या जागेत."

तो लाल ठिपका दादाला खिडकीतूनही दिसत होता. आपल्या आयुष्यातली अकरा मिनिटं कोणी तरी चिमट्यात धरून काचेवर ठेवलीत, असं त्याला झालं.

"इंजिन तापलं असेल," ताई म्हणाली. ती दादाकडे बघत होती, आणि बघता बघता तिने मान किंचित हलवली. लहानपणी आप्पांसमोर फुटलेल्या बरणीचं खापर मांजरावर फोडायचं असलं की ती अशीच मान हलवायची. "तापलं ना रे, दादा? तापल्यावर थांबवायलाच लागतं. नाहीतर पेटायचं."

"या भाड्याच्या गाडीचं यंत्र फक्त जागा आणि वेग दाखवतं," पिल्लू हळूच म्हणाली. "इंजिनचं काही कळत नाही. मोठेकाका, तू सांगशील तेच मी लिहीन."

म्हणजे आता सगळं त्याच्या जिभेवर येऊन बसलं होतं. 'तापलं' एवढं एकच तोंडातून निघालं असतं तर ही लांबलचक गाडी सोमवारी भाड्याने देणाऱ्याच्या आवारात परत गेली असती. बारा ड्रायव्हर, गाड्यांच्या सहा जोड्या, सगळं जसंच्या तसं राहिलं असतं. 'तापलं नाही' म्हटलं तर सहा ड्रायव्हर पुरे होते. दोघांना आवारात ट्रेलर जोडायच्या-सोडवायच्या कामावर घेणार होते. चौघांना घरी बसावं लागणार होतं. त्या चौघांत पहिलं नाव मास्तरचं होतं, कारण अठ्ठावन्न वय आणि नव्या परवान्याच्या तपासणीत डावा डोळा नापास.

दादा खिडकीबाहेरच बघत राहिला. धाकट्याला ते सहन होईना.

"मी सांगतो का थांबला. मुद्दाम थांबला."

"भाऊ!" ताई धाकट्यावर ओरडली.

"मग सांगू दे ना त्याला! चौतीस वर्षं त्या रस्त्यावर आहे. कुठे किती वेळ जातो ते झोपेत सांगेल. चार मिनिटांनीच कशी चुकते रे वेळ? तोंडावर हो म्हणायचं, खेपा नीट झाल्या तर माझी हरकत नाही म्हणायचं, आणि मग वर जाऊन पाय पसरून बसायचं."

"बाबा, पुरे," पिल्लू म्हणाली.

"तू गप्प बस. सहा महिने रात्रंदिवस तू हे मांडलंस, आणि..." त्याचा आवाज चिरकला. तो रागाने चिरकला की आणखी कशाने, हे दादाला कळलं नाही. "मला काय हौस आलीय माणसं काढायची? पलीकडच्या वाहतूकवाल्याने चार डबल गाड्या घेतल्यात. दोन गाड्यांना जेवढं डिझेल लागतं त्याच्या दोन-तृतीयांशात तो तेवढाच माल नेतो. आपण जोड्या धरून बसलो तर वर्षभरात चार नाही, बाराच्या बारा घरी बसतील. आणि आपणही."

ते खोटं नव्हतं. हेच तर अवघड होतं. धाकटा लबाड असता तर दादाचं काम किती सोपं झालं असतं.

"आप्पांनी नियम घातला होता," ताई म्हणाली. "एकटी गाडी जाणार नाही. तो काय उगाच घातला होता?"

तो उगाच घातला नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं. दादा नऊ वर्षांचा असताना आप्पा त्याच माथ्यावर, जॅक निसटून, चाकाखाली पाय अडकून एक अख्खा दिवस पडून होते. रस्त्याला दुसरी गाडी नव्हती. परत आले तेव्हा पाय वाचला होता, पण आप्पा त्यानंतर कधीही दार बंद करून झोपले नाहीत. दुसरा ट्रक घेतला तो धंदा वाढवायला नव्हे, सोबतीला. तेव्हापासून या घरच्या गाड्या जोडीने निघत. पुढच्याने चढ चढायचा, टाकीपाशी थांबायचं, मागचा वर आला की दोनदा दिवे मारायचे आणि मगच उतार धरायचा. थांबल्याशिवाय पुढे गेलेल्या ड्रायव्हरला आप्पांनी दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नव्हतं. पुढे रस्ता रुंद झाला, फोन आले, माथ्यावर दर दहा मिनिटांनी गस्तीची गाडी फिरू लागली, तरी टाकीपाशी थांबणं आणि तिथे दोघांनी चहा घेणं राहिलंच. लोक हसायचे. हसोत.

"आप्पांच्या वेळी फोन नव्हते, ताई," धाकटा म्हणाला, पण आता त्याच्या आवाजातली धार गेली होती.

"दादा, सांग ना," ताई म्हणाली. "इंजिन तापलं, एवढंच म्हण आणि मोकळा हो. मी जाते दुकान उघडायला."

दादाने खाली बघितलं. मास्तर आता मागच्या ट्रेलरपाशी होता. त्याने रुमालाने कपाळ पुसलं, तोच रुमाल पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. सव्वीस वर्षं दादाने हा माणूस बहुतेक आरशातच बघितला होता. दोन गोल दिवे आणि वर काचेमागे एक बारीक डोकं. एकापुढे एक चालणाऱ्या गाड्यांत बोलणं होत नाही. पण बायको गेल्यानंतर चार वर्षं, घरात एकाच ताटावर बसून जेवताना दादाला जे वाटत असे ते त्या रस्त्यावर कधी वाटलं नव्हतं. मागे मास्तर असायचा.

"इंजिन नाही तापलं," दादा म्हणाला.

ताईने पर्स टेबलावर आपटली.

"मग मुद्दाम थांबलास," धाकटा म्हणाला. जिंकूनही तो खूश दिसत नव्हता.

"मुद्दाम पण नाही." दादाने घसा साफ केला. हे बोलायला त्याला इंजिन उतरवून ठेवण्याइतके कष्ट पडत होते. "चढ चढलो. टाकी आली. गाडी बाजूला घेतली. थांबलो."

"कशासाठी?"

"मास्तर मागे आहे म्हणून."

कोणालाच आधी कळलं नाही. पिल्लूला कळलं. तिने लॅपटॉपचं झाकण हळूच अर्धं मिटलं.

"मास्तर तर इथे आवारात होता परवा," धाकटा म्हणाला.

"हो ना."

"अरे, मग..."

"विसरलो," दादा म्हणाला. "आरशात बघत होतो. मागे मोठ्ठा डबा दिसत होता, तो आपलाच आहे हे दिसत होतं, तरी त्याच्यामागून मास्तर येईल म्हणून बघत बसलो. म्हटलं, आज उशीर लागतोय. मागे काही झालं की काय म्हणून उतरायला निघालो, तेव्हा लक्षात आलं. एकसष्ट वर्षांच्या माणसाला हे सांगायला लाज वाटते रे. म्हणून दोन दिवस बोललो नाही. मुद्दाम केलं म्हणालास ते जास्त बरं वाटलं."

धाकट्याने टेबलावरच्या एका खिळ्याच्या भोकात करंगळीचं नख घातलं आणि तो ते फिरवत राहिला.

"पहिल्या दोन खेपांना मी शेजारी बसले होते," पिल्लू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवायच्या भानगडीत पडली नाही. "आपण बोलत होतो. मी तुला डॉलीचं गणित सांगत होते. टाकी कधी गेली तेही कळलं नाही. तिसऱ्या वेळी मीच म्हटलं, तू एकटा जा, खरी चाचणी होऊ दे."

"तुझी काय चूक, पिल्लू? तुझी गाडी चांगली आहे. चढाला वाघीण आहे. लिही तू. ड्रायव्हरची चूक, अकरा मिनिटं विनाकारण थांबला."

"विनाकारण नाही लिहिणार मी."

"मग काय लिहिशील? कारखान्याला काय कळणार आहे?"

ताई उठून खिडकीपाशी आली. तिचा राग असा उभ्याउभ्या उतरत असे, आणि उतरला की तिला काय करावं ते सुचत नसे. "मूर्ख आहेस तू," ती दादाला म्हणाली. "एक शब्द बोलायचा होता. सगळं जागच्या जागी राहिलं असतं. तुझंही." मग तिने त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावर नसलेली धूळ झटकली. बायको गेल्यापासून हे काम कोणी केलं नव्हतं.

"मी मागे असायचो तेव्हा," धाकटा अचानक म्हणाला, "तू किती थांबायचास?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. कचेरीत बसायच्या आधी सहा वर्षं तो दादाच्या मागची गाडी चालवत होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कोणीच नव्हतं. पाठ दुखते म्हणून एका सोमवारी तो वर येऊन बसला, आणि त्या सोमवारपासून मास्तर मागे आला.

"तू हळू चढायचास," दादा म्हणाला. "पंधरा मिनिटं तरी. एकदा अर्धा तास. तू रस्त्यात बोरं खात बसला होतास."

धाकटा हसला, पण ते हसणं अर्ध्यावरच राहिलं. "पाठ दुखत नव्हती माझी," तो म्हणाला. "मला तो रस्ता सोसवत नव्हता. पुढे नुसती तुझ्या गाडीची पाठ. दिवसभर. तुला कधी सांगितलं नाही."

"मला वाटलंच होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तूही कुठे बोललास?"

पिल्लूने लॅपटॉप उघडला आणि टाइप करायला लागली. कागद प्रिंटरमधून बाहेर आला. चालकाच्या जुन्या सवयीमुळे अकरा मिनिटांचा थांबा, वाहनात कोणताही दोष नाही, असं तिने लिहिलं होतं. धाकट्याने सही केली. ताईने सही करताना पेन इतकं दाबलं की सही कागदाच्या पाठीवर उमटली. दादाने सगळ्यांत शेवटी केली.

"मास्तरला मी बोलावून सांगतो," धाकटा म्हणाला. "हिशोब चोख करू त्याचा. काही कमी पडू देणार नाही."

"आधी मी जातो खाली," दादा म्हणाला.

जिना उतरताना त्याने मनात तीन वाक्यं तयार केली, आणि खालच्या पायरीवर तिन्ही हरवली. मास्तर मागच्या ट्रेलरपाशी उकिडवा बसून जोडाच्या गाड्याची साखळी बघत होता. तरुणपणी दोन वर्षं कुठल्याशा शाळेत बदली शिक्षक होता म्हणून मास्तर. आताही त्याच्या खिशाला खडूसारखी पांढरी रेघ असे, ती टायरवर खुणा करायच्या खडूची होती.

"बैठक संपली?" त्याने वर न बघता विचारलं.

"संपली." दादा त्याच्या शेजारी टेकला. "परवा मी टाकीपाशी थांबलो होतो."

"आवारात बोलत होती पोरं. कशाला थांबलास?"

"तुझी वाट बघत."

मास्तरने साखळी सोडली. हाताचं तेल रुमालाला पुसलं. बोटं एकेक करून पुसली, कशाचीच घाई नसल्यासारखी.

"किती वेळ?"

"अकरा मिनिटं."

"अकरा?" मास्तर दुखावल्यासारखा म्हणाला. "दादा, सव्वीस वर्षांत मला नवाच्या वर मिनिटं कधी लागली?"

दादाला हसू आलं. "म्हणूनच तर उतरून बघायला निघालो होतो."

"चहा ओतला होतास?"

दादाने मान डोलावली.

"दोन?"

"दोन."

पलीकडे कोणी तरी पाण्याचा पाइप सोडला होता, आणि पाणी ओट्यावरून वाहत चाकांखाली येत होतं.

"आणि वर तू हे खरं सांगितलंस," मास्तर म्हणाला.

"सांगितलं."

"म्हणजे झालं तर." मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठला. "बरं केलंस. मी पण तेच सांगितलं असतं. शिव्या घालत, पण सांगितलं असतं." त्याने दुसरी हातोडी दादाच्या हातात दिली. "चल, सोमवारी निघायचीय ही. चाकं बघून घेऊ. तू त्या बाजूने, मी या बाजूने."

हेही त्यांचं जुनंच होतं. खेपेच्या आधी दोघांनी दोन बाजूंनी गाडीचं एकेक चाक ठोकत जायचं. हवा बरोबर असली की आवाज टणक येतो, कमी असली की भद्द. मध्ये गाडी, त्यामुळे दुसरा दिसत नाही, नुसता ऐकू येतो. ठोक, आणि पलीकडून ठोक. साध्या गाडीला दोन मिनिटांत दोघे मागच्या टोकाला भेटत आणि काही न बोलता आपापल्या केबिनकडे जात.

दादाने पुढच्या चाकापासून सुरुवात केली. पलीकडून मास्तरची हातोडी नेमकी त्याच्या मागोमाग येत होती. पहिला ट्रेलर संपला. सवयीने दादाचे पाय वळायला लागले आणि थांबले. अजून तेवढीच गाडी पुढे होती. तो पुढे सरकला.

"मास्तर!" वरून धाकट्याची हाक आली. "जरा वर येता का?"

"आलो, आलो."

लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. एकेक पायरी दादाला ऐकू येत होती. मग दार लागलं.

दादा आपल्या बाजूची चाकं ठोकत राहिला. पलीकडून आता आवाज येत नव्हता. एक तेवढं चाक भद्द वाजलं, त्याच्यावर त्याने खडूने फुली मारली. बाकी सगळी टणक होती. मागच्या टोकाला पोचल्यावर तो थांबला, जिथे थांबायचं असतं तिथेच, आणि ट्रेलरच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे बघत उभा राहिला. पाण्याचा ओघळ त्याच्या बुटांपर्यंत आला. वर खिडकीत धाकट्याची पाठ दिसत होती आणि तिच्यापलीकडे, खुर्चीत अंग चोरून बसलेला मास्तर.

बराच वेळ झाल्यावर दादा वळसा घालून त्या बाजूला गेला. मास्तरने हातोडी सातव्या चाकावर ठेवली होती आणि इथवर बघितलं म्हणून शेजारी खडूने लहानशी बरोबरची खूण केली होती. दादाने ती हातोडी उचलली आणि आठव्या चाकापासून ठोकायला सुरुवात केली.